दसऱ्यापर्यंतची मुदत

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी दसरा आला की वेल्ह्यातली ती घटना आठवतेच.

दसरा उलटून गेला होता, भात कापणीला आलं होतं. तोरण्याखालच्या एका वाडीतून एका शेतकऱ्याचा मृतदेह भोरच्या सरकारी दवाखान्यात आणला. पहाटे राखणीला गेला आणि रानडुकरानं फाडला, असं त्याच्या पुतण्यासकट सगळ्या वाडीनं एका सुरात सांगितलं. इतक्या एका सुरात माणसं खरं बोलत नाहीत. दुपारी डॉक्टरांचा फोन आला, जखमेत छर्रे आहेत.

मी शस्त्र परवान्यांचं रजिस्टर काढलं. वाडीत पीक संरक्षणाची एकच ठासणीची बंदूक होती, या पुतण्याच्या वडिलांच्या नावावर. ते भाद्रपदात वारले होते. परवानाधारक गेला की वारसानं बंदूक ठाण्यात जमा करायची आणि हवी तर नव्यानं अर्ज करायचा. नोंदीपुढे शेरा होता, 'दसऱ्यानंतर जमा करणार'. अक्षर माझंच होतं.

पुतण्याच्या आईनं तेव्हा हात जोडले होते, घरातलं हत्यार आहे, एवढी पूजा होऊ द्या म्हणून. मला त्यात वावगं वाटलं नाही. नंतर बंदोबस्त लागले आणि मी साफ विसरलो.

पुतण्याला ठाण्यात बसवलं. दोन तास तो डुकराचंच सांगत राहिला. मी चहा दिला, रजिस्टर समोर ठेवलं आणि बंदूक कुठे आहे एवढंच विचारलं. तो ढसाढसा रडला. त्याच्या आईनं ती कणगीतून काढून दिली. दस्त्यावर पूजेचं हळदकुंकू अजून होतं.

"भात हाललं, म्या चाप वढला," तो म्हणाला. "नाना चुलतं हितं असतील असं वाटलंच न्हाई. सायेब, तुमीच म्हनला हुता, दसरा हू द्या."

जबाब मी स्वतः लिहिला. ते शेवटचं वाक्य घेतलं नाही.

कोर्टात विचारलं गेलं, बंदूक वेळेत जमा का झाली नाही. वारसानं हयगय केली, असं मी शपथेवर सांगितलं. रजिस्टर कुणी मागितलंच नाही. तो पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्यानं एका शब्दानं मला अडवलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

शिक्षा झाली तेव्हा त्याची आई आवारात भेटली. "तुमी पूजेला नड आनली न्हाई, सायेब," म्हणाली.

माणुसकीनं दिलेली मुदत लक्षात ठेवणं हीसुद्धा ड्युटीच असते, हे मी शिकलो, पण दुसऱ्याच्या आयुष्याच्या किमतीवर. तो आता सुटला आहे. भोरच्या बाजारात दिसला की वाकून नमस्कार करतो. मी रस्ता बदलतो.