तारीखताई आणि बारा दिवसांचं बाळ

आमच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टरना सगळे तारीखताई म्हणायचे. मी शेजारी नोंदणीच्या खिडकीत बसायचो. मध्ये नुसती एक काच, त्यामुळे त्यांचं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळे.

इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या पाण्याची बाटली उघडली, की ताई आधी तिच्यावर तारीख घालायच्या. अठ्ठावीस दिवस झाले, की अर्धी भरलेली असली तरी बाटली बाद. घरीही तेच. शाम्पूवर तारीख, खोकल्याच्या औषधावर तारीख.

"आता माझ्या कपाळावर तेवढी घाल," यजमान म्हणायचे.

"तुमची मुदत मी लग्नाआधीच बघून घेतलीय!"

एका सकाळी बारा दिवसांचं बाळ आलं, तापाने फणफणलेलं. आई रडून रडून अर्धी झालेली. डॉक्टर नवे आणि घाईचे. "सिस्टर, इंजेक्शन भरा पटकन."

ताईंनी कपाट उघडलं. एकदाच वापरायच्या, साध्या निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्या संपलेल्या. होती ती फक्त मोठी बाटली.

"मग ती घ्या ना. पाणीच तर आहे!"

"नुसतं पाणी नाही, साहेब. बाटली पुन्हा पुन्हा वापरता यावी म्हणून यात जंतू वाढू न देणारं औषध घातलेलं असतं. मोठ्यांना चालतं, एवढ्याशा जिवाला बाधतं."

"अहो, थेंबभर लागणार!"

"थेंबभरही नाही. पाच मिनिटं द्या."

आणि पन्नाशीच्या ताई सुटल्या. प्रसूती विभाग समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट बंद. परतल्या तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली, पण मुठीत साध्या पाण्याच्या चार कुप्या. सुई टोचताच बाळाने असा टाहो फोडला, की माझ्या खिडकीसमोरची रांगही दचकली.

दुपारी डॉक्टर ती मोठी बाटली घेऊन आले. लेबलवर स्पष्ट छापलेलं होतं, नवजात बाळांसाठी वापरू नये.

"मी वाचलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"अक्षर मुंगीएवढं आहे हो," ताईंनी सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः स्टुलावर चढून बाळांच्या कुप्यांसाठी वेगळा कप्पा लावत होते.

आठवड्याने बाळ ठणठणीत होऊन घरी गेलं. जाताना त्याची आई ताईंच्या गळ्यातच पडली. त्या संध्याकाळी ताई बसमध्ये गाणं गुणगुणत बसल्या, आपला थांबा विसरून दोन थांबे पुढे गेल्या आणि हसत हसत चालत घरी आल्या.