चमकवू नका!

पप्पांच्या पॉलिशखात्यातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. काळ्या भुकटीसारखे ते कपड्यांबरोबर घरी येतात. कितीही झटकले तरी थोडे उरतातच!

पप्पा आणि धुळ्याचे हिरामणकाका सुरतजवळ इच्छापोरच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून स्टीलची ताटं चमकवतात. शनिवारी डबा घेऊन मी जाते, म्हणून मला माहीत.

*

शेठ प्रत्येक ताटात स्वतःचा भांग बघतात. "मोढुं देखाय छे?" म्हणजे तोंड दिसलं की ताट पास. आता शेठना टक्कल पडलंय, तरी कंगवा फिरवतातच.

हिरामणकाका हळूच म्हणतात, "ताट पास, शेठ नापास!"

*

एकदा सुट्टी होताना काकांनी नव्या ताटात पाहिलं आणि ओरडले, "अरे, माल काळा पडला!"

पप्पा थकून म्हणाले, "माल चांगलाय. तोंड धू."

*

विज्ञान प्रदर्शनासाठी मला दोन ताटं हवी होती, एक गुळगुळीत, एक खरबरीत. मला चारचौघांत बोलता येत नाही. ताटंच बोलणार होती.

खरबरीत ताट मी खात्यात बाजूला ठेवलं. डब्याचं झाकण लावेपर्यंत काकांनी ते चमकवलं!

"माले वाटनं, कोणी अर्धवट सोडलं."

*

मी त्यांना समजावलं, "काका, खरबरीत ताट उजेड गिळत नाही. चारी बाजूंना विखुरतं. उजेड तेवढाच असतो."

काकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, "तेवढाच? मग आम्ही दिवसभर करतो काय?"

*

मग दुसरं खरबरीत ताट ठेवलं आणि त्यावर मी खडूने मोठं लिहिलं, 'चमकवू नका!' प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आणायला गेले, तर त्यात माझंच रडवेलं तोंड दिसलं.

काका म्हणाले, "खडूचे डाग होते, बेटा. दोनदा पॉलिश मारलं!"

*

प्रदर्शनात माझ्यापुढे दोन्ही ताटं आरशासारखी. टॉर्च मारला की भिंतीवर दोन लख्ख ठिपके. परीक्षक बाईंनी विचारलं, "यातलं खरबरीत कुठलं?"

मी एकदा या ताटावर, एकदा त्या ताटावर टॉर्च मारत राहिले.

पप्पा पाळी संपवून थेट आले होते. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि झाकण माझ्यापुढे ठेवलं. मी टॉर्च मारला. भिंतीवर ठिपका नाही. फिकट उजेड टेबलावर, बाईंच्या साडीवर, पप्पांच्या काळ्या तोंडावर पसरला.

"वा! इतकं एकसारखं खरबरीत कसं केलंस?"

मी पप्पांकडे पाहिलं.

"सुरतेत आलो तेव्हापासून हाच डबा आहे, बाई," पप्पा म्हणाले. "हिची आई रोज राखेनं घासते."