राहणार सोनई

लढाईच्या वर्षांत मी सोनईला नव्यानं नांदायला आले होते. तालुक्याच्या गावी मिशनच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. कितीतरी वर्षं इथंच काढल्यानं त्यांची मराठी पार आमच्यासारखी झाली होती. पण बाई मूळच्या जर्मन, आणि इंग्रज सरकारची लढाई जर्मनीशी. त्यामुळे त्यांना हुकूम होता, की नोंदवलेल्या पत्त्यावरच मुक्काम करायचा. दुसरीकडे राहायचं तर आधी पोलीस ठाण्यावर कळवायचं.

माझं पहिलंच बाळंतपण. मी अडले, तेव्हा मालकांनी बाईंना छकड्यातून आणलं. दुपारी मुलगी झाली, पण अंगावरून जाणं थांबेना. उन्हं कलली तसा गाडीवान बाहेरून हाका मारू लागला. बाई माझ्या पोटावरचा हात काढेनात.

"मी गेले तर हिचं काय होईल सांगवत न्हाई," त्या मालकांना म्हणाल्या. "मी हितंच ऱ्हाते. तुमी सायकल काढा आन् फौजदारसायबांना जाऊन सांगा. लपवायचं काय न्हाई."

सासूबाई घाबरल्या. "बाई, तुमाला धरून न्हेतील की!"

"न्हेऊ द्या. आधी पानी उकळा."

रात्रीतून रक्त थांबलं, पण सकाळी मला ताप भरला. तेवढ्यात मालकांबरोबर फौजदार घोड्यावरून आले. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होते.

"न कळवता मुक्काम केलात?"

"केला. निरोप धाडला, पन आधी न्हाई."

"परत कधी निघणार?"

"हिचा ताप उतरला की."

"बाई, मला वर लिहून कळवावं लागतं. ताप उतरला की, असं कसं लिहू?"

माझी मुलगी रडत होती. जरा वेळानं फौजदारांचा आवाज आला, मघापेक्षा हळू. "मग पत्ताच बदलू. आजपासून बाईंचा मुक्काम या घरात. पण घरमालकाची हमी लागेल."

मालक पुढे झाले. त्यांना मागे सारून सासूबाई म्हणाल्या, "घर माज्या नावावर हाय. कुटं आंगठा लावू?" आणि आंगठा उठवल्यावर विचारलं, "काय लिवलं?"

फौजदारांनी वाचलं. बाईंचं लांबलचक नाव, आणि पुढे 'राहणार सोनई'.

आदल्या दिवशी याच सासूबाईंनी बाईंना वरून पाणी ओतून ओंजळीनं प्यायला लावलं होतं, भाकरी ओसरीवर नेऊन दिली होती. फौजदार गेल्यावर त्या बाईंना म्हणाल्या, "आता तुमी घरच्या. वसरीवर कशाला बसता? आत या." आणि चुलीपुढं पाट मांडला. बाईंचे डोळे भरून आले. एवढं त्यांनी मला पुढं स्वतःच सांगितलं.

माझा ताप हटायला आठवडा गेला. मधूनमधून एक शिपाई यायचा, बाई आहेत ना ते बघायचा आणि सासूबाईंच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन जायचा. मी उठून बसू लागले तेव्हा बाई ठाण्यावर कळवून दवाखान्यात परतल्या.

लढाई संपली, हुकूम उठला. मग एकदा बाई कुणाला न विचारता, न सांगता नुसत्याच भेटायला आल्या आणि चार दिवस राहिल्या. माझी लेक दिवसभर त्यांच्या कडेवर होती.

त्या फौजदारांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्यांना नियम मोडता आला नसता, आणि त्यांनी तो मोडलाही नाही. तरी बाईंच्या बरोबरीनं त्यांचंही मी देणं लागते, असं मी आजवर मानत आले.