दयाळ नव्हे, चिरक

माझं माहेर गोदाकाठचं, सासर वडवणीकडच्या माळावरचं. माहेरी दयाळ, सासरी चिरक. दोन्ही पाखरं काळीपांढरी, दोघांचीही शेपटी सदा वर. लांबून बघणारा फसणारच. पण दयाळाचं पोट पांढरंशुभ्र, पंखावर लांब पांढरा पट्टा. ओल असलेल्या झाडीत राहतो, शेंड्यावर बसून गळा मोकळा सोडतो. चिरक पोटाशीही काळा, खांद्याशी तेवढा पांढरा डाग, शेपटीखाली तांबूस. त्याला दगडधोंडे आवडतात, पाण्यावाचून त्याचं काही अडत नाही.

सासरीही आमच्या मोसंबीच्या बागेत, बोअरपाशी ओल असायची तिथं, दयाळाची एक जोडी होती. एका दुष्काळात ती दिसेनाशी झाली. माळावरचा चिरक आधी बांधावर आला, मग थेट मोसंबीच्या वाळक्या फांद्यांत. खालची ओल सरली, हे मी तेव्हाच ओळखलं.

आमचे मालक गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. लोक जनावरं चारा छावणीला न्यायला निघाले, तर ह्यांनी शब्द देऊन टाकला, "सोसायटीचा हौद आटला तर माझी बोअर हाय की! मळ्यात दयाळ वरडतोय अजून, पाणी कुठं जातंय?" विहीर असती तर वाकून बघता आलं असतं, बोअरमध्ये काय बघणार! त्यातून पाणी साठावं म्हणून ह्यांनी मोटार बंदच ठेवलेली.

"आवो, त्यो दयाळ न्हाई, चिरक हाय," मी म्हणाले.

"गप बस. आता पाखरं वळखाया तू शिकवणार व्हय मला?"

असा संताप आला! ओट्यावर बसून बघणाऱ्याला शेपटीखालचं तांबूस कसं दिसावं? पण लोकांनी चेअरमनवर भरवसा ठेवला आणि इकडं छावणीतली जागा भरून गेली. रोज सकाळी चिरक गायचा, मालक माझ्याकडं बघून मिशीत हसायचे.

सोसायटीचा हौद आटला त्या सकाळी गावची सगळी जनावरं आमच्या मळ्यातल्या हौदावर आली. बरगड्या निघालेल्या म्हशी रिकाम्या हौदात तोंड घालून हुंगायला लागल्या. मालक स्टार्टरकडं निघाले. मी हौदावरच्या पायपाच्या तोंडात पाहिलं. आत वाळकं गवत, म्हशीचे केस, आणि त्यात चिरकाची ठिपक्याठिपक्यांची अंडी.

"थांबा!" मी ओरडले. "पायपात घरटं हाय!"

त्यांनी बटण दाबलं होतं. खाली बोअरमध्ये मोटार घुमली, घुमतच राहिली. म्हशींनी पायपाकडं माना वर केल्या. मी घरट्यावरची नजर काढली नाही.

अंडी जागची हललीसुद्धा नाहीत.