चार रुपये, घरचं पाणी धरून

हिंगणघाटला थंडीत कापसातून सरकी काढणारी जिनं सुरू झाली, की कापसाचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगत राहत. दुपार कलली की ते आमच्या ओसरीवर उतरत आणि पाटीवर बसत. अंक वाचायचा तर आधी फुंकर घालावी लागे. १९५७ सालच्या त्या दुपारी मला आजही तशाच आठवतात, पांढुरक्या, किंचित झोपेत असल्यासारख्या. त्या पांढुरकेपणातूनच एक दिवस प्रेमदास मास्तर आमच्या फाटकाशी आले.

मास्तर समुद्रपूरकडचे, मॅट्रिक पास, वय बावीस-तेवीस. आदल्या वर्षी सगळं घर बौद्ध झालं होतं. शाळेत मास्तरची जागा मिळाली नव्हती. त्यांच्या वडिलांनी, नानाजींनी, महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात शिकवण्या जमल्या तर ठीक, नाहीतर जिनात कापसाच्या गाठी उचलायच्या.

माझे वडील वासुदेवराव जिनात काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलून घेत. नवे पैसे त्याच वर्षी आले होते. सोळा आण्यांत जन्म काढलेल्या माणसांना रुपयाचे शंभर पैसे म्हणजे धास्तीच. पोराला तरी नवा हिशेब यावा, असं बाबांना वाटत होतं.

"काय घेसान, मास्तर?" बाबांनी विचारलं.

"महिन्याले सात रुपये. घरचं पानी धरून चार."

बाबा हसले. "हे कोनतं दुकान हो? माल वाढवला का लोक भाव वाढवते, तुमी उतरवून राह्यले!"

"पानी भेटलं तं तीन रुपये मले भेटल्यासारखेच, भाऊ."

"आन घरचं म्हंजे?"

"तुमी ज्या गिलासानं पेता, त्याच गिलासातलं."

बाबा हसायचे थांबले. पुढे वाणिज्याच्या वर्गात मी दर कसा ठरतो ते शिकलो, पण आमच्या गल्लीचा नियम त्याहून सोपा होता. पहिलं घर जो दर देई, तोच साऱ्या गल्लीचा. शेजारची घरं आमच्याकडे डोळे लावून बसली होती आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. इथे सात घेतले असते, तर प्रत्येक ओसरीवर सात मिळाले असते आणि पाणी कुठेच नाही.

"चार," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाजारातून एक कोरा गिलास आणला. आरशासारखा चकचकीत. ओसरीच्या कोनाड्यात, पाण्याने भरून, तो मास्तरांसाठी वेगळा ठेवला. "खास तुमच्याकरता घेतला," ते मोठ्या कौतुकाने म्हणाले. आपण मान दिला, असंच त्यांना खरोखर वाटत होतं.

मास्तरांनी गिलासाकडे पाहिलं आणि पाढे सुरू केले. तासभर मोठ्याने म्हणवून घेताना त्यांच्या घशात तंतू जात, खोकला येई. गिलासाला मात्र ते हात लावत नसत. पाण्यावर तंतूंची साय धरे आणि संध्याकाळी आई ते पाणी झाडाला घाली.

आठव्या दिवशी ते बाबांना म्हणाले, "भाऊ, महिना भरेपर्यंत शिकवतो. मंग जातो."

"काऊन? पानी तं रोज ठेवून राह्यलो ना आमी!"

"ठेवता. पन घरचं नाई ठेवत."

कोनाड्यातला गिलास मात्र तसाच राहिला.

महिना संपायला चार दिवस होते. त्या दुपारी पावकीचा पाढा चालला होता आणि पाव म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मास्तर म्हणाले, "जा, सैपाकघरातला रोजचा गिलास भरून आन."

मी पितळेचा, एका अंगाला चेपलेला गिलास आणला.

"हा रुपया समज. अर्धा पी. किती उरले?"

"आठ आने."

"नव्या हिशेबानं?"

"पन्नास."

"त्यातला अर्धा पी."

"पंचवीस!" मी ओरडलो. एकदम उजाडल्यासारखं झालं होतं. त्या आनंदात मी गिलास त्यांच्यापुढे धरला. "ही पावली तुमची, मास्तर."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. ते दाराकडे पाहत होते. दारात माझी आई, रुख्माबाई, सूप घेऊन उभी होती. किती वेळची, कोण जाणे. हवेत तंतू संथ तरंगत होते आणि जिनाचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

"उष्टं काऊन देतं रे त्याईले?" आई म्हणाली.

तिने माझ्या हातातून गिलास घेतला आणि आत गेली. मास्तर माझी पाटी पुसू लागले. पुसलेलीच पाटी ते पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

आई बाहेर आली ती तोच चेपका गिलास घेऊन. धुतलेला, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलेला. तिने तो मास्तरांच्या हातात दिला.

"घ्या मास्तर. पुरा रुपया."

मास्तर डोळे मिटून, सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायले. संध्याकाळी बाबा जिनातून आले, तेव्हा आईने त्यांना त्याच गिलासात पाणी दिलं आणि कोणी काय प्यायलं तेही सांगितलं. बाबांनी गिलास क्षणभर हातात फिरवला. मग प्यायले.

कोऱ्या गिलासात आई पुढे मेथीदाणे ठेवू लागली.

गल्लीतल्या बाकीच्या नऊ घरांपैकी सहांनी आमचा दर धरला. तिघांनी पाण्याविना सात देऊ केले, त्यांच्याकडे मास्तर गेले नाहीत. जिनातही गेले नाहीत. जिनाचा दुपारचा भोंगा झाला, की ते गल्लीच्या तोंडाशी दिसत, खांद्यावर, केसांत हवेतला कापूस घेऊन, एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जाताना. आणि प्रत्येक ओसरीवर आधी पाणी पीत, मग पाढे.