आठ गुरांची गाडी

माझ्या नवऱ्याला, गारिकाईला, बोलण्याआधी हात चालवायची खोड. पेशाने गवंडी. विटा उचलून उचलून पंजा असा झाला होता की कपाच्या कानात त्याचं बोट कधी मावलंच नाही. जोहान्सबर्गला आम्ही अकरा वर्षं काढली, त्या अकरा वर्षांत त्याने किती जणांचे दात पाडले ते देव जाणे. एका मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर 'क्वेरेक्वेरे' म्हटलं. आम्हा परक्यांना तिकडे असंच म्हणतात. गारिकाईने त्याची मान धरली आणि कालवलेल्या सिमेंटमध्ये त्याला पालथा घातला. लोकांनी ओढून काढला नसता तर तो मुकादम त्या भिंतीतच राहिला असता.

माझ्यावर त्याने एकदाच हात उचलला. मी चुलीवरचा खदखदता सादझा, मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, पळीने काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. आठ दिवस पाय फाकवून चालत होता. त्यानंतर आमचा संसार सुखाचा झाला.

असा माणूस एका गाडीपुढे मात्र नांगी टाकून बसला, आणि तेही स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत. त्याचा मला आजही राग येतो.

नेत्साई त्याची धाकटी बहीण, माझी नणंद. ती आमच्याकडेच राहायची. मुलं गावी सासूबाईंकडे, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. तिच्यावर डुमिसानीचं मन बसलं. तो तिथलाच, झुलू, सरकारी कागद असलेला, दुकानावर पहारेकरी. आमच्यात मुलगी न्यायची तर जावयाने तिच्या घरी आठ गुरं द्यायची असतात. मागणी घालायला आला तेव्हा रीतीप्रमाणे खाली जमिनीवर बसला, हळू टाळ्या वाजवून बोलला.

"दादा, मुलगी द्या. पण गुरं मी कुठून आणू? माझ्याकडे एक कोंबडीसुद्धा नाही."

"मग कोंबडी पाळायला लाग," गारिकाई म्हणाला.

मग त्याने हनुवटी खाजवली. मला ते खाजवणं ओळखता येतं. डोक्यात गाडी फिरत होती. मागे उघडा हौदा असलेली पांढरी पिकअप, दुकानाच्या काचेत उभी. गाडी असली तर गवंडी ठेकेदार होतो. पण आमच्यासारख्या परमिटवाल्याला बँक दारात उभी करत नव्हती.

"जावई," तो म्हणाला, "तुमचं नाव द्या. गाडी बँकेतून तुमच्या नावावर काढा, हप्ते मी भरतो. सहा वर्षांनी गाडी माझी. ते तुमचं नाव, तीच तुमची आठ गुरं."

"अरे, गाडी काय हंबरते का?" मी म्हणाले. "वन्संना लोखंडावर देणार?"

"तू गप बस, मावीस."

गावी मोठ्या काकांना फोन लावला. काका म्हणाले, "गाडी तर गाडी. पण ऐक, पोरा. घेतली म्हणजे घेतली. उद्या तो तिला कसाही वागवो, पोरगी त्याची. तिला परत आणायची असेल तर आधी गुरं परत करावी लागतील. तुझी गुरं म्हणजे ती गाडी. कळतंय ना?"

"कळतंय, काका."

त्याला काय कळलं होतं ते लग्नानंतर तीन महिन्यांनी दिसलं. नेत्साई सकाळी दारात आली. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला. मी तिला आत घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. वाटलं, आता डुमिसानी काही वाचत नाही. गारिकाई उठला, बाहेर गेला आणि बादली घेऊन गाडी धुवायला लागला.

असं किती वेळा झालं! एकदा तिचा हात मोडला, एकदा पोटातलं मूल गेलं. दर वेळी ती यायची, दर वेळी तो फडकं घ्यायचा. गाडी मात्र लखलखीत होती.

"आणून ठेव ना तिला घरी!" मी ओरडायचे.

"गाडी दिली तर खायचं काय?" तो म्हणायचा. "अजून दोन वर्षं आहेत. अजून एक वर्ष आहे. हप्ते संपू दे, मग बघतो त्याच्याकडे."

नेत्साई तोंड धुवायची आणि त्याच्याकडे परत जायची.

चार हप्ते उरले होते तेव्हा तो रविवार आला. लोक चर्चमधून परतत होते. कोपऱ्यावरून आधी शिट्ट्या ऐकू आल्या, मग पत्र्यांवर काठ्या आपटल्याचा आवाज. शंभर दीडशे माणसं, हातात कोयते, सळया, रॉकेलचे डबे. "निघा आमच्या देशातून!" शेजारी मलावीचा एक म्हातारा शिंपी राहायचा. त्याने दार लावलं, त्यांनी दारासकट त्याला आडवा केला आणि त्याचं डोकं त्याच्याच मशीनवर आपटलं. दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायची गरज नव्हती.

गारिकाई फावडं घेऊन दारात उभा राहिला. पहिल्याचं मनगट मोडलेलं मी ऐकलं. दुसऱ्याचा कान लोंबायला लागला. मग त्याच्या पाठीत सळई बसली, तो गुडघ्यांवर आला, आणि एकाने त्याच्या तोंडावर लाथ मारली. मी किटलीतलं पाणी फेकलं, हाताला लागेल ते फेकलं. घराला आग लावली तेव्हा मी त्याला बगलेत धरून मागच्या बाजूने ओढत होते.

त्या गर्दीत डुमिसानी होता. त्याच्या हातात काठी होती. दोघं जण रॉकेलचा डबा घेऊन पिकअपकडे वळले तेव्हा तो हात पसरून गाडीपुढे आडवा झाला.

"हिला हात लावायचा नाही! ही माझी गाडी आहे! कागद बघा, माझं नाव आहे!"

गाडीवर एक ओरखडासुद्धा आला नाही. माझ्या नवऱ्याचे समोरचे चार दात गेले.

तीन दिवस आम्ही चर्चच्या आवारात झोपलो. तिथेच एका नर्सने गारिकाईच्या ओठांना टाके घातले. चौथ्या दिवशी गारिकाई म्हणाला, "बस झालं. गावी जायचं. कायमचं. गाडी घेऊन."

पण हप्ते चालू असलेली गाडी देशाबाहेर न्यायची तर बँकेचं पत्र लागतं, आणि पत्र मिळतं ज्याच्या नावावर गाडी त्यालाच. म्हणजे डुमिसानीचे पाय धरणं आलं. गारिकाई त्याच्याकडे गेला. ज्या माणसाच्या हातात परवा काठी होती, त्याच्याशी तो सुजलेल्या तोंडाने गोड बोलला. मी ते ऐकलं आणि दारातच थुंकले.

"मी नसतो तर गाडी जळली असती," डुमिसानी म्हणाला. "हे विसरू नका."

"नाही विसरत."

"आणि पत्र तीस दिवसांचं आहे. तुम्ही परत आलात नाहीत, तर बँक माझ्या मानेवर बसेल."

"उरलेले हप्ते मी पाठवीन. आईशप्पथ."

सरहद्दीच्या गावी पोलिसांच्या खिडकीवर गाडीचा मालक स्वतः हवा, म्हणून डुमिसानी बरोबर आला. येताना त्याने नेत्साईलाही आणलं. घरी एकटी ठेवली तर पळून जाईल, असं म्हणाला. पुढे ते दोघे पुरुष आणि मधे मी. नेत्साई मागे हौद्यात, गाद्या आणि भांड्यांवर. एवढ्या लांबच्या रस्त्यात तिने एकदाही पाणी मागितलं नाही.

खिडकीवर काम झालं. डुमिसानीने सही केली, अंगठा उठवला, शिक्का बसला. भर दुपारी आम्ही फाटकाच्या रांगेत लागलो. पुढे सहा गाड्या, त्यापुढे फाटक, फाटकापुढे लिंपोपोवरचा पूल. पुलापलीकडे आमचा देश. गारिकाईने कागद पुन्हा एकदा पाहिले आणि फाटलेल्या ओठांनी हसला. सहा वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

डुमिसानी उतरला आणि मागे गेला. "चल, उतर. आपली बस आहे."

नेत्साई उतरली नाही.

"ए! बहिरी झालीस का?"

"मी गावी जाणार," ती म्हणाली. तिचा आवाज मला काचेतून ऐकू आला.

त्याने तिच्या केसांना धरून तिला हौद्यातून खाली खेचलं. ती डांबरावर खांद्यावर पडली. त्याने कमरेचा पट्टा काढला आणि बकल बाहेर ठेवून मारायला लागला. पाठीवर, मानेवर, तोंडावर. पट्टा थांबला की लाथ. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. रांगेतला एक जण म्हणाला, "घरचं भांडण आहे, पडू नका मध्ये."

रांग सरकली. पुढची गाडी फाटकात गेली. इंजिन चालू होतं. गारिकाईचा हात गिअरवर होता आणि तो समोर बघत होता.

मी म्हणाले, "आता नाही उतरलास, तर पलीकडे गेल्यावर मला विसर. मी तुझ्या गाडीत बसून गावात यायची नाही."

त्याने पहिला गिअर टाकला.

"ती बघ, रक्त ओकतेय."

त्याने आरशात पाहिलं. इंजिन बंद केलं. चावी काढली.

पुढे जे झालं त्याला मारामारी म्हणायला मी तयार नाही. डुमिसानीला एकदाच पट्टा उगारता आला. गारिकाईने तो पट्टा मनगटावर गुंडाळून त्याला जवळ ओढलं आणि नाकावर कपाळ आपटलं. मग मूठ. मग पुन्हा मूठ. साडेपाच वर्षं पोटात धरलेलं सगळं त्या माणसाच्या तोंडावर उतरत होतं. डुमिसानी खाली पडला, तरी हा त्याच्या छातीवर बसून मारतच होता. दात उडालेले मी पाहिले. मी थांबवलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

"दादा," नेत्साई म्हणाली. ती गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. "मार खुशाल. मारून टाकलास तरी मी त्याचीच बायको. तुझ्या खिशात त्याची गुरं आहेत."

गारिकाईची मूठ वरच राहिली.

त्याने ती खाली घेतली. मग उठला. रांगेत आमच्याकडचा एक म्हातारा उभा होता, डोक्यावर टोपी, हातात गाठोडं. गारिकाई त्याच्यापुढे गेला आणि मान खाली घातली.

"काका, कुठल्या गावचे?"

"मास्विंगोकडचा, बाबा."

"साक्षीला उभे राहा माझ्या."

म्हाताऱ्याने टोपी काढली. गारिकाई डुमिसानीजवळ बसला, त्याची मूठ उघडली, तिच्यात चावी ठेवली आणि बोटं मिटवली. वर बँकेचं पत्र ठेवलं.

"आठ गुरं परत केली," तो मोठ्याने म्हणाला, रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी बहीण मी घेतली. काका, ऐकलंत?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला आणि त्याने तीनदा टाळी वाजवली.

डुमिसानी रक्ताच्या गुळण्या करत काहीतरी पुटपुटला. कोणी लक्ष दिलं नाही. आम्ही हौद्यातून डोक्यावर नेता येईल तेवढं काढलं. दोन गाठोडी, एक पातेलं, गारिकाईची थापी. बाकीचं तसंच सोडलं. मागचा ट्रकवाला अजून हॉर्न वाजवत होता.

पायी जाणाऱ्यांच्या फाटकातून पूल चढलो. नेत्साई माझ्या पुढे लंगडत चालली होती, मानेवरून रक्त पाठीवर उतरत होतं. पुलाच्या मध्यावर ती थांबली. गाठोडं खाली ठेवलं. वळली आणि तिने गारिकाईच्या तोंडात एवढ्या जोरात मारली की येणारेजाणारे थांबले.

"मूल गेलं तेव्हा तू काचा पुसत होतास," ती म्हणाली, आणि दुसरी मारली. "हात मोडला तेव्हा टायर." तिसरी मारली. चौथी मारली.

गारिकाई हलला नाही. त्याच्या ओठांचे टाके सुटले होते आणि रक्त हनुवटीवरून शर्टावर पडत होतं. "अजून मार," तो म्हणाला.

"नाही," नेत्साई म्हणाली. "उरलेलं घरी. आईसमोर."

त्याने खाली वाकून तिचं गाठोडं उचललं, आपल्या गाठोड्यावर ठेवलं आणि तिच्या मागून चालायला लागला.