पुराच्या रेघा आणि आमचं विकाऊ घर

आमचं घर विकायला काढलं तेव्हा आईनं एकच अट घातली. गिऱ्हाईकाशी खोटं बोलायचं नाही! त्यामुळे पुढची दोन वर्षं घर आमचंच राहिलं.

तसं घर झकास होतं. नाशिकच्या सराफ बाजारामागच्या उतारावर, दुमजली, आण्णांनी कारकुनी करता करता स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. देऊळ, बाजार, शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. गंगासुद्धा! (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) फक्त जोराचा पाऊस झाला की ती हाक न मारताच घरात यायची. म्हणून आण्णांनी स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर केलं होतं. त्या जिन्यावरून वर-खाली करून करून आईच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. पायरीगणिक ती "रामा" म्हणायची आणि वर पोचेपर्यंत तिचा रोजचा जप आटोपायचा! मी इंदिरानगरला लिफ्टवाला फ्लॅट बघून ठेवला होता, पण हे घर गेलं तरच तो मिळणार होता.

आण्णांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की ते त्याचा हात धरून त्याला पुढच्या खोलीतल्या भिंतीपाशी न्यायचे. तिथं ऑइलपेंटनं मारलेल्या लाल रेघा होत्या. पाणी जिथवर चढलं तिथं रेघ, आणि शेजारी त्या पुराचं नाव. लोकांच्या भिंतीवर वाडवडिलांचे फोटो असतात, आमच्याकडे पूर होते.

"ही कसली रेघ हो?"

"हा बेबीच्या बारशाचा पूर!" आण्णांची छाती फुगायची. "कमरेइतकं पाणी. पाळणा वर नेऊन टांगला. आणि ही त्याच्यावरची, विजूच्या गोवराची. डॉक्टर होडीतून आले, थेट खिडकीत!"

(विजू म्हणजे मी, बेबी माझी धाकटी बहीण.) गिऱ्हाईक एकदा भिंतीकडे बघायचं, एकदा स्वतःच्या नव्या चपलांकडे, आणि चहा न घेताच उतार चढू लागायचं.

"आण्णा, हे सांगायची गरज आहे का?"

"त्यानं विचारलं."

"तुम्ही बोट दाखवलंत म्हणून विचारलं!"

"तुझ्या आईची अट आहे, बाबा."

शेवटी मी डोकं चालवलं. (हे वाक्य आमच्या घरात अजूनही कुणी हसल्याशिवाय ऐकत नाही.) बेबीला नामपूरला दिलेली. तिच्याकडे कांद्याची धांदल चालली आहे, मदतीला जा, असं सांगून मी दोघांना बसमध्ये बसवलं, आणि त्या भिंतीला चुना लावला. (गिऱ्हाईकाला लावायचा तो अजून बाकी होता!) पण ऑइलपेंटवर चुना बसेना. रेघा आतून गुलाबी होऊन हसत राहिल्या. मी हातावर हात चढवत गेलो. भिंतीपेक्षा मीच जास्त पांढरा झालो, आणि शेवटचा हात ओला असतानाच दारात निफाडचे दौलतराव उभे! द्राक्षबागायतदार, अंगात काळा कोट. मुलांच्या कॉलेजसाठी त्यांना गावात घर हवं होतं.

"लय ब्येस घर हे," ते ऐसपैस भिंतीला टेकून म्हणाले. "पान्याचं काय?"

"नळाला दोन वेळ येतं!"

"नळाचं नाय इचारत. गंगेचं."

मी तोंड उघडलं आणि बाहेर रिक्षा थांबली. आई, आण्णा आणि एक गोणी कांदे! नाशिकला येणाऱ्या ट्रकमध्ये जागा मिळाली, म्हणून दोघं लवकर परतले होते.

आण्णा कोऱ्या भिंतीपुढे उभे राहिले. इतक्यात आईनं जिन्याचा कठडा धरला आणि पहिला "रामा" ऐकू आला.

"नामपूरला जिना नाही," आण्णा हळूच म्हणाले. "तुझी आई दिवसभर अंगणात पोरीसारखी फिरत होती रे."

"आण्णा, आता तुम्हीच सांगा," दौलतराव म्हणाले. "पानी कुठवर येतं?"

"खरं सांगा हो!" जिन्यातून आई ओरडली.

आण्णांनी माळ्यावरून लाल रंगाचा डबा काढला. भिंत ओली, म्हणून शेजारच्या लाकडी चौकटीवर रेघा मारायला घेतल्या. "बेबीचं बारसं... इथं. विजूचा गोवर... इथं." कपाळावरून घामाच्या धारा! मला वाटलं, रागानं.

"म्हंजे मांडी न् कंबर," दौलतराव म्हणाले. "चालतंय की! घेतलं घर."

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. पहिला आठवडाभर आई काही काम नसताना लिफ्टनं खाली जाऊन वर यायची.

काही वर्षांनी मोठा पूर आला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावर आमचं गाव पूर मोजतं. त्या वर्षी मारुती दिसेचना! पाणी ओसरल्यावर दौलतरावांचा फोन आला. "आण्णा, रेघ मारायला या."

चिखल तुडवत आम्ही तिघं त्या खोलीत शिरलो. पुरानं माझा चुना साफ धुऊन नेला होता आणि जुन्या रेघा लालभडक होऊन पुन्हा वर आल्या होत्या. शेजारी चौकटीवरच्या रेघा. प्रत्येक रेघ भिंतीवरच्या रेघेपेक्षा बरोब्बर एक वीत खाली!

"हात थरथरला असेल," मी म्हणालो.

"सगळ्या रेघांना सारखाच?" आई म्हणाली. "अहो, खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"बोललो कुठं?" आण्णा चष्मा पुसत म्हणाले. "रेघ मारली."

आईनं पदरानं त्यांच्या बाहीवरचा चिखल पुसला, आणि बाही स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली. मला एकदम भरून आलं. जन्मभर ज्यांनी रेघभर इकडचं तिकडं केलं नाही, त्यांनी तिच्या गुडघ्यांपायी सगळेच्या सगळे पूर उतरवले होते!

"दौलतराव, तुम्हाला फसवलं हो," आण्णा म्हणाले.

"कसलं फसवलं! मी बी गोदाकाठचाच. शेजारच्या दुकानातल्या खुणा आधी बघून मगच तुमच्याकडं आलो व्हतो. पन खोटी रेघ मारताना ज्याला एवढा घाम फुटतो, त्या मानसाचं घर सोडायचं नाय, असं तवाच ठरवलं."

"आणि माझा चुना?" मी चाचरत विचारलं.

"त्यो कळायला काय लागतंय, विजूभाऊ? माझ्या कोटाला लागून त्यो निफाडपर्यंत आला की!"

आता कधी आमचा फ्लॅट विकायची वेळ आलीच, तर बोलणी आण्णा करणार, चहा आई देणार आणि मला आधीच नामपूरच्या बसमध्ये बसवणार, असं दोघांनी ठरवून टाकलं आहे.